सातव्या वाफ्यातली गवळण

“चाळणी झाडलीच नव्हती तुम्ही.”

“झाडली हुती.”

“मग सातव्या वाफ्याच्या नळीत लाल रंग आला कुठून?”

“ते तुमच्या नळीला इचारा. मी का नळीत बसले हुते?”

“राहीमावशी, सहाव्या वाफ्याला शेणखत घातलंय. त्याची माती तुम्ही आधी चाळली, मग सातव्याची. चाळणीला थोडी चिकटून राहिली, ती सातव्यात उतरली. सरळ आहे.”

“तुमच्यासाटी सरळ आसंल, साहेब. माज्यासाटी न्हाई.”

“आता साहेब?”

“साहेबच. भांडताना कोन दादा म्हनतं?”

सूर्यभानने हातातली वही टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे आपटलीच, पण मऊ पुठ्ठ्याची वही, तिचा आवाज असून असून किती होणार? खोली पत्र्याची. प्रवरेच्या काठाला, कोल्हारच्या अलीकडे सरकारने शेतकी केंद्र काढलं तेव्हा ही खोली औजारांसाठी बांधली होती. नंतर औजारं व्हरांड्यात गेली आणि काचेच्या नळ्या आत आल्या. दारात मुकादम पुंजाराम तंबाखू मळत उभा होता. दोघांचं काय ठरतंय ते ऐकल्याशिवाय त्याची तंबाखू मळून होणार नव्हती.

“काय लिवलं वहीत?” राहीबाईने विचारलं.

“नमुना सात, चाळताना मिसळ, बाद.”

“माजं नाव लिवलं?”

“नाव कशाला लिहीन मी?”

“न लिवून काय झालं? हितं चाळनी कोनाच्या हातात आस्ती? कोल्हारच्या शाळेतली पोरंबी सांगत्याल.”

पुंजाराम दारातूनच म्हणाला, “सोमवारी मोठं साहेब येत्यात, राहीबाई. हंगामी मानसांची यादी त्यांच्याच हातात. चाळनीत चूक म्हनल्यावर तुमाला खुरपं तरी ऱ्हाईल का नाही, बघा.”

“तुमच्या तोंडात गूळ पडो, मुकादम. तंबाखूसकट.”

तिने चाळणी उचलली, उन्हात धरली आणि जाळीच्या एकेका डोळ्यातून पलीकडे पाहिलं. मग तीच चाळणी सूर्यभानच्या तोंडासमोर धरली. “दिसतंय का काई? आडकलंय का काई? ती वळ खोडा, साहेब. ती खोडल्याबिगर मी आज जायाची न्हाई.”

एकोणीसशे बहात्तरचा जानेवारी होता. वार शुक्रवार.

राहीबाई मूळची पाथर्डीकडची. डोंगराच्या पायथ्याला दहा घरांची वस्ती, दोन एकर मुरमाड रान आणि एक बैलजोडी. दिवाळी झाली की वस्ती रिकामी व्हायची. बैलगाडीत भांडी, कोंबड्या, पोरं आणि पाचटाची कोपी बांधायला लागणारे दोर घालून सगळे ऊसतोडीला निघायचे. बाराव्या वर्षापासून राहीबाईच्या हातात कोयता होता. पुढे छगनशी लग्न झालं, मग एका कोयत्याचे दोन झाले आणि दोघांची मिळून एक जोडी कारखान्याच्या यादीवर लागली. सहा वर्षांपूर्वी कोल्हारजवळच्या फडात उसाने भरलेली गाडी उतारावर मागे सरली आणि चाक छगनच्या पायावरून गेलं. टोळी हंगाम संपवून परत गेली. ही दोघं मागे राहिली ती राहिलीच. छगन आता बसून दोर वळतो, कोंबड्या राखतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देतो. राहीबाई केंद्रावर लागली, आधी खुरपणीला.

चाळणी तिच्याकडे आली त्याची गोष्ट सूर्यभान स्वतःच सांगतो. तो बेलापूरचा, शेतकऱ्याचा मुलगा, शेतकीची पदवी घेऊन केंद्रावर आलेला. पहिल्या महिन्यात त्याने तीन जणांना माती चाळायला बसवलं. एकाने ढेकळं दगडाने फोडली. दुसरीने माती उन्हात वाळवून आणली, चाळायला सोपी जावी म्हणून. तिसरी राहीबाई. तिने सूर्यभानला विचारलं होतं, “हिला वल तशीच ठिवायची का मोडायची?”

“तशीच ठेवायची. वाळली तर आतलं मरतं.”

“मंग सावलीत बसावं लागंल. आन चाळनीला कुंचा द्या.”

“कुंचा कशाला?”

“एकीची माती दुसरीत जाया नको म्हनून. चाळनीला मागचं काई याद ऱ्हायला नको.”

शिंदीच्या पात्याचा तो कुंचा तिने स्वतःच बांधून आणला. दोन वर्षं तो तिच्या कमरेला होता. एक माती चाळली की चाळणी उपडी, तीन वेळा कुंचा आडवा, तीन वेळा उभा, मग जाळीवर एक फुंकर. आकडे तिला वाचता येत नसत, पण ओळखता येत. पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांपैकी सहाला ती ‘मुरडलेली शेपटी’ म्हणायची आणि सातला ‘कोयता’. कोयता तर तिला झोपेतही ओळखता आला असता. त्यामुळे “चाळताना मिसळ” हे दोन शब्द तिला का बोचले, हे पुंजारामला कळलं नाही तरी सूर्यभानला कळायला हवं होतं. कळत होतंच. पण वहीत काहीतरी कारण लिहिणं भाग होतं.

कारण प्रयोग तसा नाजूक होता. एकूण बारा वाफे. तीन नुसते, तीन शेणखताचे, तीन बीएचसीच्या पांढऱ्या पुडीचे आणि तीनांत खत आणि पूड दोन्ही. दसऱ्यानंतर सगळं घालून गहू पेरलेला. उसाच्या मुळ्या खाणारी हुमणी मारायला त्या भागातले शेतकरी ही पूड मुठीमुठीने टाकू लागले होते. हुमणी मरते, हे सगळ्यांना दिसत होतं. मातीतलं आणखी काय मरतं, आणि खत घातलेल्या मातीत ते वाचतं का, हे कोणाला दिसत नव्हतं. ते दिसावं म्हणून या नळ्या.

“पन लाल म्हंजी नेमकं काय?” राहीबाईने त्याला मागेच विचारलं होतं.

“मातीत बारीक जीव असतात. शेण, पाला, मुळ्या ते कुजवतात. कुजवायचं काम ज्याच्या जोरावर करतात, त्याला विकर म्हणतात. विकर जागं असलं की या पांढऱ्या औषधाचं पाणी लाल होतं. जेवढं जागं, तेवढं लाल.”

“दुधाला इरजन लावल्यावानी.”

“तसंच अगदी नाही. विरजणात जीवच असतात. विकर म्हणजे त्या जिवांच्या हातातलं…”

“कोयता.”

सूर्यभान थबकला होता. “हो. कोयता म्हटलं तरी चालेल.”

“न्हाई, सातला कोयता म्हनते मी. याला इरजनच म्हनू.”

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी सातव्या वाफ्यातलं विरजण निजलेलं निघत होतं. नुसती पूड, खत नाही, त्यामुळे नळी फिकटच राहायची. खत आणि पूड दोन्ही असलेल्या वाफ्यांत पहिल्या महिन्यात रंग उतरला होता, मग हळूहळू परत चढला होता. सगळं कसं नीट चाललं होतं आणि मध्येच या शुक्रवारी सातव्याची नळी खताच्या नळीइतकी लाल. मोठे साहेब सोमवारी येणार आणि पहिलं बोट त्याच आकड्यावर ठेवणार.

“खोडत नाही,” सूर्यभान म्हणाला. “पण पुन्हा करू. आत्ता.”

“आत्ताच,” राहीबाई म्हणाली. “जशी काल केली तशीच. आदी शेपटीची माती चाळते, मंग कोयत्याची. हितं तुमच्या म्होरं. आन मुकादम, काल माती तुमी आनली हुती, कुटून आनली?”

“वाफ्यातून. आनखी कुटून आननार?”

“वाफ्यात कुटून?”

पुंजारामने तंबाखू गालात सारली. “मधी पानी दिल्यालं हुतं, चिकूल झालता. कडंची घेतली. कोपऱ्याची. माती ती माती.”

“मी दर वेळी मधली आणायला सांगतो!” सूर्यभानचा आवाज चढला.

“पायताण कोनाचं चिकलात जातं, साहेब?”

मग सूर्यभान स्वतः गेला. सातव्या वाफ्याच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून, अशी पाच ठिकाणची माती पाच पिशव्यांत आणली. या वेळी एकत्र केली नाही. कडुनिंबाखाली राहीबाई पाय पसरून बसली. आधी सहाव्याची माती, मग कुंचा तीन वेळा आडवा, तीन वेळा उभा, फुंकर. मग सातव्याची पहिली पिशवी. पुन्हा कुंचा. तिचे हात नेहमीपेक्षा हळू चालले होते आणि ती एकेक गोष्ट मोठ्याने सांगत होती, “हे झाडलं. हे फुकलं. बघा. बघितलं का? मुकादम, तुमीबी बघा, मंग म्हनू नका.” पुंजाराम उगाच आभाळाकडे बघत राहिला.

नळ्या भरल्या. माती, चिमूटभर खडूची पूड, औषधाचं पाणी, वर बूच. उबवणीच्या पेटीत ठेवायच्या, सदतीस अंशावर, अंधारात, उद्या याच वेळेपर्यंत. सूर्यभानने पेटीचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. बाहेर पुंजाराम ओरडला, “लाइट गेलीय. पार राहुरीपत्तोर न्हाई म्हनत्यात. परवा दुपारपत्तोर यायची न्हाई.”

सूर्यभान स्टुलावर बसला. “संपलं. नळ्या भरल्या, आता थांबता येत नाही. आणि सोमवारच्या आत दुसऱ्यांदा व्हायचं नाही.”

“ऊब किती लागती?” राहीबाईने विचारलं.

“माणसाच्या अंगाएवढी. थोडी जास्त चालेल. पण सारखी हवी, दिवस-रात्र.”

“आन अंधार?”

“अंधार तर हवाच.”

“मंग उटा की, दादा.” भांडण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच ती त्याला दादा म्हणाली होती.

केंद्राच्या कुंपणाला लागून तिची खोपटी होती. छगन दाराशी बसून अंबाडीचा दोर वळत होता. आत कोपऱ्यात पाटीत भुसा, भुशावर लाल खुडूक कोंबडी, आणि तिच्या पोटाखाली नऊ अंडी.

“व्हा बाजूला,” राहीबाई नवऱ्याला म्हणाली. “सरकारी काम हाय.”

छगनने नळ्यांकडे पाहिलं, मग कोंबडीकडे, मग सूर्यभानकडे. “याच्यातून काय निगनार?”

“रंग निघेल, काका.”

“पाय नसल्यालं निगालं तरी चालंल, पळायचं तरी न्हाई. पन आदी ठरवू. नळी फुटली तर तुमी बोंबलनार, अंडं फुटलं तर मी. दोगांनी आत्ताच बोंबलून घेऊ.”

राहीबाईने तीन अंडी काढून शेजारच्या कोंबडीखाली दिली आणि सहा नळ्या भुशात आडव्या घातल्या. सूर्यभानने थर्मामीटर कोंबडीच्या पोटाखाली सरकवला. कोंबडीने त्याच्या मनगटावर बरोबर शिरेवर टोच मारली. त्याने दात आवळून हात तसाच धरून ठेवला. मग थर्मामीटर उजेडात आणला.

“अडतीस. जरा वर.”

“बगा. तुमच्या पेटीपरीस बरी.”

“पेटी टोचत नाही, मावशी.”

“पेटीला लाइट लागती.”

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारपासून सूर्यभान तिथेच घुटमळत होता. चार वाजता त्याला राहवेना, पण राहीबाईने त्याला पाटीला हात लावू दिला नाही. “चोवीस तास म्हनलाय न्हवं? मंग चोवीस. पाच वाजता बसलीय ती.” पाच वाजले. नळ्या निघाल्या. पत्र्याच्या खोलीत स्पिरिट घालून हलवल्या, गाळणकागदातून गाळल्या आणि खिडकीतल्या फळीवर ओळीने लावल्या. पश्चिमेचं ऊन त्यांतून आरपार येत होतं. छगनही काठी टेकत येऊन दारात उभा राहिला होता, आपल्या कोंबडीचं काम बघायला.

सहाव्या वाफ्याची नळी डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. ती तशी यायचीच होती.

सातव्याची पहिली फिकट. दुसरी फिकट. तिसरी, चौथी, फिकट. ताकाच्या निवळीत कुंकवाचं बोट बुडवावं इतपतच रंग.

पाचवी लाल.

मग सूर्यभान हळूच हसला. “पाचही एकाच चाळणीतून गेल्या. सहाव्याच्या लगेच मागे पहिली चाळली, ती फिकट. चाळणी स्वच्छ होती, मावशी.”

राहीबाईने पदराने तोंड पुसलं. डोळे पुसलेत असं कोणाला वाटू नये म्हणून तिने मानही पुसली. “मंग वळ खोडा.”

“खोडतो. चुकलं माझं.” त्याने वही ओढली, ओळीवर रेघ मारली. राहीबाई वाकून ती रेघ बघत राहिली. मग त्याने पेन्सिल कानाला लावली आणि नळीवरची खूण पाहिली. “पण ही पाचवी, ही उगवतीकडच्या, ईशान्येच्या कोपऱ्यातली. पुंजारामनेही तिथलीच घेतली असणार. त्या कोपऱ्यात आहे तरी काय?”

राहीबाई कागदाच्या गाळणीची घडी करू लागली. तिची एक घडी झाली, दुसरी झाली.

दारातून छगन म्हणाला, “आगं, ते दिवाळीचं तर…”

“तुमी गप बसा.”

“मी गपच हाय.”

ती तिथेच थांबली असती तर चाललं असतं. तिला हवं होतं ते झालं होतं. चाळणीवरचा डाग गेला होता, सोमवारी साहेबांना चाळणीत दोष सापडणार नव्हता, आणि कोपऱ्यात काय आहे हे सूर्यभानला आपणहून कधी कळलंही नसतं. सूर्यभान अजून नळीकडेच बघत होता. राहीबाईने घडी केलेला कागद टेबलावर ठेवला.

“खुरपं घ्या,” ती म्हणाली. “फावडं नको. फावड्यानं मोडंल.”

ऊन कलतं होतं, पण अजून चांगला उजेड होता. सातव्या वाफ्याचा गहू वीतभर, पिवळट. ईशान्येच्या कोपऱ्यात राहीबाई उकिडवी बसली, दोन रोपांच्या मधली माती तिने बोटांनीच बाजूला केली आणि चार बोटं खाली थांबली.

“घ्या.”

सूर्यभानने मातीतून वर काढलं ते शेणाचं होतं. अर्धं कुजलेलं, खालून भुगा झालेलं, पण वरचं डोकं शाबूत. डोक्यावर घागर. घागरीत खोचलेल्या झेंडूचा काळा देठ. डोळ्याच्या जागी बाजरीचा एक दाणा, दुसरा गळून गेलेला.

“गवळण?”

“गवळन.”

“तुम्ही ठेवलीत?”

“पाडव्याला.” राहीबाई वर बघत नव्हती. “आमच्याकडं रीत हाय, दादा. दिवाळी झाली की आमी गाड्या जुपतो. सा म्हयने रानात कोन नसतं. मंग निगायच्या आदी, दिवाळीला अंगनात शेनाच्या गवळनी करतो न्हवं, त्यातली एकेक रानाच्या कोपऱ्यात ठिवायची, उगवतीला, वस्तीकडं त्वांड करून. रान यकलं पडाया नको म्हनून. माजी आई ठिवायची. हितं आले तवा रान न्हवतं. मग हे वाफेच. आन त्या पाडव्याला हे सातवं बगितलं. खत न्हाई का काय न्हाई, वरून पूड. लई उपाशी दिसलं मला.”

“मावशी, हा प्रयोग आहे! ते उपाशी ठेवायचं म्हणूनच उपाशी ठेवलंय!”

“व्हय. पन दिवाळीला?”

सूर्यभान बांधावर बसला. त्याच्या तळहातावर ती अर्धी बाई होती आणि तिच्याकडे रागाने बघणं त्याला जमत नव्हतं. तीन महिन्यांचे आकडे त्याच्या डोळ्यांपुढे एकामागून एक खाली पडत होते. “म्हणजे सातवा वाफा बाद. एकाला शेण आणि बाकीच्यांना…”

“बाकीच्यास्नीबी दिलंय.”

“काय?”

“बाराच्या बाराला. एकाला द्यायचं आन एकाला न्हाई, आसं कसं करावं? पोरं का हायेत ती सवतीची?”

सूर्यभान उठला. “दाखवा.”

आठव्यात खत होतं. कोपरा उकरला, गवळण उरलीच नव्हती. काळीभोर माती, दोन गांडुळं, बाजरीचा दाणासुद्धा नाही. चौथ्यात खत आणि पूड दोन्ही, तिथे काडीचा एक तुकडा आणि थोडा तपकिरी भुगा निघाला. पहिला वाफा नुसता, तिथे पायाकडचा टवका. मग तिसरा, नुसत्या पुडीचा. राहीबाईने माती सारली आणि म्हणाली, “ही बगा.” धड तसंच होतं. बाराव्यातही तसंच. अडीच महिने मातीत राहून त्या दोघी जवळजवळ जशाच्या तशा निघाल्या, बाराव्यातलीच्या घागरीत तर झेंडूच्या दोन पाकळ्याही होत्या.

राहीबाई त्या गवळणीकडे बघत बसली. “हितं कोन जेवाया बसलंच न्हाई,” ती म्हणाली. “वाढल्यालं ताट तसंच.”

“सातव्यातली जी थोडी कुजली, ती तिच्याच शेणातल्या जिवांनी,” सूर्यभान म्हणाला. तो आता तिच्याशी बोलत होता की स्वतःशी, त्यालाच ठाऊक. “तेवढ्या वीतभर जागेत त्यांनी विकर जागं केलं. म्हणून कोपरा लाल. बाकीचा वाफा निजलेला.”

“मंग समद्या वाफ्याला घातलं तर?”

“ते आत्ताच सांगता यायचं नाही. एका गवळणीवरून मी काही लिहू शकत नाही, मावशी.”

“पन तुमाला वाटतंय.”

“वाटतंय.”

तिन्ही गवळणी त्याने परत आपापल्या जागी ठेवल्या, तोंडं वस्तीकडे करून. का ठेवल्या, हे त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, उकरलेली माती मोकळी ठेवायची नसते. बाराही कोपऱ्यांत त्याने खुंट्या ठोकल्या. यापुढे खुंटीच्या दोन हातांच्या आत कोणी माती घ्यायची नाही, असं त्याने पुंजारामला दोनदा बजावलं. बाराही वाफ्यांना सारखंच मिळालं होतं, एकाच दिवशी, एकाच कोपऱ्यात. प्रयोग वाचत होता, आणि वाचवला होता तिनेच, मोडलाही तिनेच.

वही परत उघडली तेव्हा तो थोडा थांबला. “काय लिहू? कोपऱ्यात शेण पडलं होतं, एवढंच लिहितो. कोणी टाकलं, कशाला टाकलं, कोण विचारतंय?”

“न्हाई. खरं ते लिवा.”

“यादी सोमवारी आहे, मावशी. चाळणीत चूक झाली तर एकवेळ माणूस ठेवतील. वाफ्यात हात घातला म्हटल्यावर…”

“काडलं तर काडलं. गवळनीपायी काडलं तर मी गावात सांगीन, गवळनीपायी काडलं. चाळनीपायी काडलं तर काय सांगू?” तिने बोट वहीवर टेकवलं, जिथे रेघ मारलेली ओळ होती तिच्या खाली. “हितं लिवा. राहीबाईनं गवळनी ठिवल्या, बाराला बारा. आन चाळनी झाडल्याली हुती हे आदी लिवा.”

त्याने तसंच लिहिलं. चाळणी आधी.

सोमवारी मोठे साहेब आले आणि संध्याकाळच्या आत गेले. राहीबाई त्यांच्यासमोर गेली नाही, तिला कोणी बोलावलंही नाही. ती दिवसभर कडुनिंबाखाली नवव्याची माती चाळत होती. जीपचा आवाज केंद्राच्या फाटकाबाहेर पडला तेव्हा तिने कुंचा कमरेला खोचला आणि पत्र्याच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पाठीमागून पुंजारामही आला.

सूर्यभान टेबलाशी होता. “दोनदा वाचलं त्यांनी.”

“मंग?”

“पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याकडे बघितलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा म्हणाले, ती खुडूक कोंबडी कुठे आहे. नेली दाखवायला. छगनकाकांनी त्यांनाही टोच खायला लावली.”

“ते आसंच करत्यात. म्होरलं सांगा.”

“तुमचं नाव यादीत आहे. चाळणी तुमच्याकडेच.”

पुंजाराम लगेच म्हणाला, “मी म्हनलंच हुतं.” कधी आणि कोणाला, हे कोणी विचारलं नाही.

“फक्त एक अट घातलीय,” सूर्यभान म्हणाला. “प्रयोग तीन वर्षं चालणार. तीन वर्षं वाफ्यात वरून काही म्हणजे काही पडता कामा नये. सण असो, रीत असो. तसं तुम्ही मला आज सांगायचं आणि मी ते लिहून पाठवायचं. नाही सांगितलं तर चाळणी दुसऱ्याकडे.”

“तिसऱ्यालाबी न्हाई? बाराव्याला? कोयत्याला?”

“त्यांना तर मुळीच नाही.”

“तीन वर्सं?”

“मावशी, ते तीन वाफे तसे राहिले तरच बाकीच्यांना कळेल. बेलापूरला माझा बाप मुठीने पूड टाकतो. मी नुसतं सांगून तो ऐकणार आहे का? त्याला फिकट नळी आणि लाल नळी शेजारी ठेवून दाखवली तर ऐकेल. तीन वर्षं फिकट राहिलेली नळी.”

“ते कळतंय मला.”

“मग?”

राहीबाई आत आली. तिने चाळणी उपडी केली. तीन वेळा कुंचा आडवा फिरवला, तीन वेळा उभा. जाळी खिडकीच्या उजेडात धरून नीट पाहिली आणि तिच्यावर एक फुंकर घातली.

“दिवाळीला अजून पुष्कळ अवकाश आहे,” सूर्यभान हळू आवाजात म्हणाला. “पण मला आजच लिहायचंय. काय लिहू? ठेवणार नाही ना?”

तिने चाळणी भिंतीवरच्या खिळ्याला लावली, सरळ बसली का ते बोटाने बघितलं, कुंचा कमरेला न खोचता तिथेच चाळणीशेजारी अडकवला, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आणि दारातल्या पुंजारामला हातानेच बाजूला करून बाहेर निघून गेली.